नदी यादीतून बाहेर कधी पडते?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा तीत 351 पट्टे होते आणि त्यातले 53 महाराष्ट्राचे. 2022 च्या यादीत देशाचा आकडा 311 वर उतरला, महाराष्ट्राचा 55 वर चढला. दोन्ही याद्यांत आपले राज्य पहिले. मधल्या चार वर्षांत काहीच झाले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर 2018 मध्ये आदेश दिला, राज्याराज्यांत नदी पुनरुज्जीवन समित्या नेमल्या गेल्या, पट्ट्यांचे कृती आराखडे झाले, त्यांच्या प्रगतीचे अहवाल निघू लागले. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयांतून माहिती गोळा होते, तक्ते भरले जातात, मुंबईला आणि तिथून दिल्लीला जातात. ते तक्ते वाचले तर काम जोरात चालले आहे. नदीवर गेले तर नाकाला रुमाल लावावा लागतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात?

मला वाटते, याचे कारण आपण प्रगती मोजतो त्या मापात आहे. मंडळाने काय केले हे आपण मोजतो. काठावरच्या माणसाला आता काय करता येते, जे काल येत नव्हते, हे मोजत नाही. पहिले माप कार्यालयात बसून भरता येते. दुसऱ्यासाठी नदीवर जावे लागते आणि तिथल्या माणसाला विचारावे लागते. दुसरे माप लावल्याखेरीज मंडळाच्या कुठल्याही प्रादेशिक कार्यालयाचा प्रगती अहवाल लोकांनी गांभीर्याने घेऊ नये, असे माझे मत आहे.

या अहवालांत असते काय ते पाहू. मैलाशुद्धीकरण प्रकल्पाची मंजूर क्षमता, निविदेचा टप्पा, बांधकामाची टक्केवारी, बजावलेल्या नोटिसा, जप्त केलेल्या बँक गॅरंट्या, झालेल्या बैठका. यातले काही खोटे असते असे मी म्हणत नाही. केंद्रीय मंडळाच्याच 2021 च्या मोजदादीत महाराष्ट्राच्या शहरांतून रोज 9,107 एमएलडी मैलापाणी निघते असे धरले होते. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. त्यावर प्रक्रिया करण्याची बसवलेली क्षमता 6,890 एमएलडी. एवढे दोनच आकडे ऐकले तर पाऊण काम झाले असे वाटेल, आणि देशाची सरासरी निम्म्याच्याही खाली असल्याने महाराष्ट्राची पाठ थोपटावीशी वाटेल. पण त्याच तक्त्यात तिसरा आकडा आहे. प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती 4,242 एमएलडीवर. बांधून ठेवलेल्या क्षमतेतली अडीच हजारांहून जास्त एमएलडी नुसती उभी होती.

ती उभी का राहते हे कुठल्याही नगरपालिकेच्या आरोग्य किंवा जलनिस्सारण विभागात विचारा. प्रकल्प तयार असतो, पण गावाच्या अर्ध्या भागातून त्याच्याकडे जाणारी मलवाहिनीच नसते. असली तर मधल्या पंपिंग स्टेशनचे वीजबिल थकलेले असते. पंप चालू असला तर नाला अडवून वळवायचे काम राहिलेले असते, आणि मैला आपला जुन्या वाटेने सरळ नदीत जातो. प्रकल्प बांधायला केंद्राचे किंवा राज्याचे अनुदान मिळते, तो चालवायचा खर्च मात्र पालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतून करायचा असतो. उद्घाटनाचा नारळ प्रकल्पासमोर फुटतो, जमिनीखालच्या वाहिनीसमोर कोणी फोडत नाही. म्हणून अहवालात क्षमता वाढत राहते आणि नदीत मैला येत राहतो. क्षमता हीच प्रगती मानली तर पालिकेला पुढच्या प्रकल्पाचा प्रस्ताव करणे सोयीचे, असलेला पूर्ण ताकदीने चालवणे गैरसोयीचे. माप असे असेल तर वागणूकही तशीच होणार.

लवादाने सप्टेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राला 12,000 कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई लावली, तेव्हा या मापाला थोडा धक्का बसला. हिशेब साधा होता: प्रक्रिया न होणारे मैलापाणी 5,420 एमएलडी, दर एमएलडीमागे दोन कोटी, शिवाय वर्षानुवर्षे साचलेल्या कचऱ्याच्या डोंगरांसाठी वेगळी रक्कम. लवादाने बांधलेली क्षमता बाजूला ठेवून न झालेले काम मोजले. पण भरायचे कोणी आणि कोणाला? राज्याने राज्याच्याच एका वेगळ्या खात्यात टाकायचे. मैला सोडणाऱ्या पालिकेच्या आयुक्ताचे किंवा मुख्याधिकाऱ्याचे त्याने काही बिघडले नाही आणि ज्यांच्या विहिरी नासल्या त्यांना काही मिळाले नाही.

पुण्याची गोष्ट यापुढची आहे. मुळा-मुठेच्या प्रदूषण निर्मूलनाचा प्रकल्प जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जसाहाय्याने जानेवारी 2016 मध्ये मंजूर झाला. खर्च 990.26 कोटी, नवे 11 मैलाशुद्धीकरण प्रकल्प, 396 एमएलडी क्षमता, मुदत जानेवारी 2022. ती मुदत उलटली तेव्हा त्या 11 प्रकल्पांच्या बांधकामाला धड सुरुवातही झाली नव्हती. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्याच नदीच्या काठांच्या विकासाचे, म्हणजे 44 किलोमीटरच्या आणि 4,700 कोटींच्या घरातल्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. पाण्यासाठी एक हजार कोटींहून कमी, काठासाठी त्याच्या चौपटीहून जास्त. काठावर फिरायला पायवाट असू नये असे कोणी म्हणत नाही. पण खडकवासल्याखाली उन्हाळ्यात मुठेतून जे वाहते ते बहुतांशी शहराचे सांडपाणी असते, आणि त्याच्याशेजारी दगडी पायऱ्या बांधून बसायची जागा करायची हा क्रम कुठल्या हिशेबात बसतो? एवढ्या पैशातून किती किलोमीटर मलवाहिन्या झाल्या असत्या, हा प्रश्न पुण्यात अनेकांनी आंदोलने करून, न्यायालयात जाऊन विचारला. मुठा 2018 च्या यादीत पहिल्या प्राधान्यक्रमात होती, म्हणजे सर्वात घाणेरड्या गटात. 2022 मध्ये ती तिथेच होती. मिठीही तिथेच.

मिठीचे नाव आले म्हणून एक आडवळण. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर तिच्यासाठी खास प्राधिकरण झाले आणि गेली वीस वर्षे तिची प्रगती 'किती टन गाळ काढला' या मापाने सांगितली जाते. गाळ काढल्याच्या कागदांमध्येच फसवणूक झाल्याचा आरोप ठेवून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे 2025 मध्ये 65 कोटींचा गुन्हा नोंदवला. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण टनावर पैसे आणि टनावरच प्रगती असेल, तर टन वाढवून दाखवण्याचा मोह होणार हे सांगायला न्यायालय लागत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचे उदाहरण मला सर्वात बोलके वाटते. 2009 मध्ये केंद्रीय मंडळाने दिल्लीच्या आयआयटीबरोबर देशातल्या 88 औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. 70 च्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित. महाराष्ट्राचे पाच पट्टे त्यात गेले: चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर. पाचांत तारापूरचे गुण सर्वात कमी, 72.01. जानेवारी 2010 मध्ये केंद्राने अशा पट्ट्यांत नव्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देणे थांबवले. मग राज्यांच्या मंडळांनी कृती आराखडे सादर केले आणि आराखडे मान्य होत गेले तसतशी एकेका पट्ट्याची स्थगिती उठत गेली. स्थगिती उठवताना पाहिला तो आराखडा. खाडीचे पाणी तोवर सुधारले का, याची वाट पाहिली गेली नाही. 2018 मध्ये पुन्हा मोजणी झाली, या वेळी शंभर पट्ट्यांची. तारापूर 93.69 गुणांसह देशात पहिले आले. मधल्या काळात गुण देण्याची पद्धत बदलली होती, त्यामुळे 72 वरून 93 ही चढण जशीच्या तशी वाचणे बरोबर नाही. पण एकाच पद्धतीने मोजलेल्या शंभरांत पहिला क्रमांक यायला पद्धतीचा बहाणा पुरत नाही.

तारापूरच्या आसपास नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, मुरबे अशी किनाऱ्यावरची गावे आहेत. इथला मांगेला समाज पिढ्यान्‌पिढ्या खाडीत आणि समुद्रात मासेमारी करत आला. खाडीत मासा मिळेनासा झाला हे त्यांना कळायला कुठल्या निर्देशांकाची गरज पडली नाही. त्यांची संघटना 2016 मध्ये हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांवर आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या सगळ्या वर्षांत मंडळ हातावर हात ठेवून बसले नव्हते. नोटिसा निघत होत्या, काही कारखान्यांचे पाणी-वीज तोडले जात होते, बँक गॅरंट्या जप्त होत होत्या, पुन्हा घेतल्या जात होत्या. प्रगती अहवालाला लागते ते सगळे होत होते. खाडीतल्या मासळीचा रकाना मात्र त्या अहवालात कधी नव्हताच.

दुसरे माप लावणे शक्य आहे का? आहे, आणि त्यासाठी एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ 7 सप्टेंबर 1970 रोजी स्थापन झाले. राज्याचा स्वतःचा जलप्रदूषण कायदा 1969 चा, केंद्राच्या 1974 च्या कायद्याच्या आधीचा. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, ईपीए, सुरू झाली 2 डिसेंबर 1970 रोजी. आपले मंडळ तिच्यापेक्षा जवळजवळ तीन महिन्यांनी मोठे आहे. त्याच्या आदल्या वर्षी, जून 1969 मध्ये, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात कायाहोगा नावाच्या नदीला आग लागली होती. पाण्यावर तेलाचा तवंग इतका की नदी पेटली, आणि तीही पहिल्यांदा नव्हे.

ही नदी ईरी सरोवराला मिळते. अमेरिका आणि कॅनडाने 1987 मध्ये पंचमहासरोवरांच्या काठचे बिघडलेले भाग निवडले, पुढे त्यांची संख्या 43 झाली. त्यांच्यासाठी माप ठरवताना दोन्ही देशांनी चौदा गोष्टी लिहून काढल्या. मासे खाता येतात का? त्यांना वाईट चव लागते का? माशांना गाठी होतात का? पक्ष्यांची पिल्ले विद्रूप निघतात का? पिण्याच्या पाण्याला वास येतो का? किनारे पोहण्यासाठी बंद ठेवावे लागतात का? शेतीला किंवा उद्योगाला पाणी वापरण्यापूर्वी जादा खर्च करावा लागतो का? प्रत्येक भागाच्या नावापुढे यातल्या कोणत्या गोष्टी बिघडल्या आहेत ते लिहायचे, आणि एकेक दुरुस्त झाली की पुराव्यासह तेवढीच खोडायची. सगळ्या खोडल्या गेल्या की तो भाग यादीतून बाहेर. कायाहोगातले मासे ठरावीक प्रमाणात खायला हरकत नाही असे ठरवून ती एक ओळ 2019 मध्ये खोडली गेली, आगीनंतर पन्नास वर्षांनी. नदी तरीही यादीतच राहिली, कारण बाकीच्या ओळी शिल्लक होत्या.

ईपीएचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही. 1987 ते 2010 या काळात अमेरिकेच्या बाजूचा एकच भाग, ऑस्वीगो नदीचा, 2006 मध्ये यादीतून बाहेर पडला. खोडायच्या ओळी होत्या, खोडायला पैसा नव्हता. 2010 पासून त्यासाठी वेगळा निधी आला आणि मग वेग आला. जमिनीतल्या विषारी साठ्यांच्या स्वच्छतेचा त्यांचा जो प्रसिद्ध कायदा, सुपरफंड, त्यासाठी कंपन्यांवर लावलेला कर 1995 मध्ये संपू दिला गेला आणि कामे रेंगाळली. रसायन कंपन्यांवरचा कर परत आला तो 2021 च्या कायद्याने. हडसन नदीत जनरल इलेक्ट्रिकने तीस वर्षे सोडलेल्या पीसीबी या विषारी रसायनाचा गाळ 2009 ते 2015 या काळात उपसला गेला, तरी तिथले मासे खाण्यावरची बंधने सरसकट उठलेली नाहीत. म्हणजे त्यांच्याकडेही राजकारण आहे, दिरंगाई आहे, कंपन्यांचे वकील आहेत. पण त्यांच्या अपयशाचा हिशेब मांडता येतो, कारण ओळी लिहिलेल्या आहेत. आपल्याकडे अपयश कुठे लिहायचे त्याची जागाच नाही.

आपल्याकडे नदीपट्टा यादीत येतो किंवा बाहेर पडतो तो एका आकड्यावर: बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जीवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचे माप. लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर पट्टा ठीक, 30 च्या वर असेल तर पहिला प्राधान्यक्रम. हे माप मैल्यासाठी चांगले आहे. पण आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्राने 2000 साली जे निकष ठरवले त्यात बीओडीबरोबर विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जीवाणू आहेत, 100 मिलिलिटरला जास्तीत जास्त 2,500. विरघळलेला प्राणवायू आहे, किमान 5 मिलिग्रॅम. यादी करताना त्यांचा विचार होत नाही. कारखान्याच्या धातूंचा, रंगाचा, क्षारांचा तर नाहीच. बीओडी अडीचवर आला म्हणून यादीतून सुटलेल्या नदीत उतरून आंघोळ करायला मी तरी धजावणार नाही.

आपल्या ओळी आपल्याच काठावर शोधायला हव्यात. इंद्रायणीवर आळंदीत फेस तरंगत असताना वारकरी स्नान करतात, पाणी ओंजळीत घेतात. ती एक ओळ. पंचगंगेच्या काठच्या बाईला उन्हाळ्यात नदीचे पाणी गुरांना पाजता येते का, ही दुसरी. बंधाऱ्यात मासा टिकतो का, तिसरी. नदीकाठच्या विहिरीचे पाणी प्यायल्याने कावीळ होत नाही ना, चौथी. इचलकरंजीत 2012 मध्ये कावीळीची साथ आली, माणसे दगावली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तेव्हापासून पंचगंगेचे किती आराखडे झाले ते मोजत बसण्यात अर्थ नाही. दर उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी येते. कोल्हापूरचा मैला, कारखान्यांची मळी, इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचे रंगीत पाणी, एकमेकांकडे बोट दाखवणे चालू होते. मंडळाचा अधिकारी येतो, पंचनामा होतो, पाण्याचे नमुने घेतले जातात आणि तपासायला चिपळूणच्या प्रयोगशाळेत जातात. अहवाल येईपर्यंत वरून पाणी सोडलेले असते, मासे वाहून गेलेले असतात. मग नोटीस निघते आणि ती प्रगतीत मोजली जाते. 'तेरवाडला या उन्हाळ्यात मासे मेले: होय किंवा नाही' एवढी एकच ओळ कोल्हापूरच्या प्रादेशिक कार्यालयाने दरवर्षी स्वतःच्या अहवालात पहिल्या पानावर छापावी. दहा वर्षांचे होय-नाही एकाखाली एक आले की कुठल्याही टक्केवारीपेक्षा ते जास्त सांगतील.

यावर मंडळातल्या माणसांचे म्हणणे मला ठाऊक आहे आणि त्यातले बरेचसे रास्त आहे. पहिले म्हणणे: महाराष्ट्रात पाणी तपासायची ठिकाणे अनेक राज्यांपेक्षा जास्त आहेत, म्हणून पट्टेही जास्त सापडतात. खरे आहे. जे राज्य नमुनेच घेत नाही त्याच्या नद्या कागदावर निर्मळ राहतात, आणि महाराष्ट्राला पहिल्या नंबरावरून हिणवणाऱ्या बातम्या हे क्वचितच सांगतात. पण हा खुलासा इतर राज्यांशी तुलना करताना चालतो. मुठेची मुठेशी तुलना करताना चालत नाही.

दुसरे म्हणणे: नदीत पाणीच नाही. धरणे पाटबंधारे खात्याची, आवर्तने पाटबंधारे खाते ठरवणार, वरून एक थेंब सोडायचा अधिकार मंडळाला नाही, मग बीओडी उतरणार कसा? हेही खरे. मात्र मंडळाने हे आपल्या अहवालात नदीचे नाव घेऊन कधी लिहिलेले दिसत नाही. 'या पट्ट्यात डिसेंबरनंतर वाहणारे पाणी हे सांडपाणीच असते आणि वरून पाणी सोडल्याशिवाय ही ओळ खोडता येणार नाही' असे मंडळाने लिहिले तर दुसऱ्या खात्याला उत्तर द्यावे लागेल. एका सरकारी खात्याने दुसऱ्याविरुद्ध लिहायचे नसते, हा आपला अलिखित नियम आहे. नदीला तो फार महाग पडला.

तिसरे म्हणणे सर्वात मोठे: मैला पालिकेचा, मंडळ फक्त नियामक. त्यात माणसे अपुरी, मंजूर जागांतल्या कित्येक रिकाम्या, एका क्षेत्र अधिकाऱ्याच्या गळ्यात शेकडो कारखाने. दिवसा नमुना घेतला तर पाणी स्वच्छ, रात्री टँकर नाल्यात रिकामा होतो. त्या क्षेत्र अधिकाऱ्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण माप बदलले तर सर्वात जास्त फायदा त्याचाच आहे. आज त्याचे काम किती भेटी आणि किती नोटिसा यावर तोलले जाते, म्हणून तो सोप्या भेटी आणि सोप्या नोटिसा करतो. हॉटेलला, गॅरेजला, वीटभट्टीला. 'तुझ्या हद्दीतल्या तीन ओळींपैकी एक येत्या चार वर्षांत खोड' असे त्याला सांगितले आणि तेवढी वर्षे त्याची बदली केली नाही, तर कोणता नाला आधी अडवायचा आणि कोणत्या दोन कारखान्यांना आधी गाठायचे हे त्याला आपल्यापेक्षा चांगले माहीत असते.

अधिकार नाहीत ही सबबही आता जुनी झाली. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की जल आणि वायू कायद्यांखाली प्रदूषण नियंत्रण मंडळे स्वतः पर्यावरणाच्या नुकसानीची भरपाई बसवू शकतात. त्यासाठी नियम मात्र करावे लागतील. त्याआधीच्या महिन्यात केंद्राने दूषित जागांच्या स्वच्छतेचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, राज्याच्या मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा. तोवर देशात अशा 103 जागा ओळखल्या गेल्या होत्या आणि प्रत्यक्ष स्वच्छता सुरू झाली होती सातांत. नियमांत तपासणीला मुदत आहे, यादीला मुदत आहे. जागा स्वच्छ करून संपवायला मुदत नाही. पुन्हा तेच. कार्यालयातल्या कामाला तारीख, जागेवरच्या कामाला तारीख नाही. हे नियम राबवताना महाराष्ट्राने आपल्यापुरती ती तारीख घालून घ्यावी, केंद्र काही अडवणार नाही.

नव्या मापाची परीक्षा लांब नाही. नाशिकचा सिंहस्थ 2027 मध्ये आहे, मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तपोवन, आगरटाकळी आणि इतर ठिकाणच्या मैलाशुद्धीकरण प्रकल्पांच्या क्षमतावाढीचे आणि नूतनीकरणाचे आकडे आतापासून ऐकू येत आहेत, पुढेही येत राहतील. पर्वणीच्या वेळी पावसाळा असतो, गंगापूर धरणातून पाणी सोडलेले असते, त्यामुळे बीओडी बहुधा दिसायला बरा राहील. जीवाणूंचे तसे नसते. पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यातला मैलाही उसळून येतो. फेब्रुवारी 2025 मध्ये प्रयागराजच्या कुंभात, पावसाळा नसतानाही, जीवाणूंचाच प्रश्न आला. केंद्रीय मंडळाने लवादाला सांगितले की कोलिफॉर्मच्या निकषावर अनेक ठिकाणचे पाणी आंघोळीलायक नव्हते, आणि उत्तर प्रदेश सरकारने तो निष्कर्ष मान्य करायला नकार दिला. स्नान केलेल्या कोट्यवधींना ते कळले तेव्हा त्यातले बहुतेक घरी पोचले होते.

नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयाने म्हणून एकच काम आतापासून करावे. रामकुंडावर, कपिला संगमावर आणि दसकच्या घाटावर फलक लावावेत. रोज सकाळी त्यावर आदल्या तपासणीतला बीओडीचा आणि कोलिफॉर्मचा आकडा मराठी आणि हिंदीत लिहावा, शेजारी निकषाचा आकडा लिहावा, आणि खाली 'आज स्नानास योग्य' किंवा 'आज स्नानास योग्य नाही' असे लिहून त्यावर प्रादेशिक अधिकाऱ्याची सही असावी. कुंभाच्या आधी वर्षभर, कुंभात, आणि कुंभ संपून साधू गेल्यावरही. कोलिफॉर्मच्या तपासणीला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून आकडा थोडा शिळा असेल, चालेल. पालकमंत्र्यांना आवडणार नाही, महापालिकेला तर अजिबात नाही. एखाद्या अधिकाऱ्याची त्यापायी बदली झाली तर त्याच फलकावर तेही लिहावे.